वर्दीची दौड आणि राहीचा हात

काजरे बेटावर दरवर्षी कार्तिकात जी दौड होते ती पश्चिमेच्या खडपेवाडीत सुरू होते आणि मधले तिन्ही डोंगर ओलांडून पूर्वेच्या बंदरवाडीत संपते. तुम्ही पाहुणे तिच्यासाठी लाँचने येता, छातीवर नंबर लावता, तिसऱ्या डोंगराच्या चढावर बेटाला शिव्या घालता आणि खाली उतरल्यावर त्याच बेटाचे फोटो काढता. तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण सर्वांच्या पुढे जी जोडी धावते तिच्याकडे नीट पाहिले असेल, तर काहीतरी खटकले असेल.

त्या जोडीतल्या एकाच्या हातात वेताची उंच काठी असते आणि दुसऱ्याच्या हातात घुंगरांचा जुडगा. घुंगरू काठीलाच बांधायचे असतात, काठीच्या टोकाला त्यासाठी कडीही आहे. पण बांधत नाहीत. त्या दोघांना कोणी मागे टाकायचे नाही असा नियम आहे, मग ते कितीही रमतगमत धावोत. तुमच्यातला पहिला म्हणजे त्यांच्यामागून आलेला पहिला. दोघे बंदरावर पोहोचतात, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्यांसमोर उभे राहतात आणि बेंबीच्या देठापासून ओरडतात, "होड्या घालू नका हो! वारा येतोय!" त्या दिवशी एकही होडी पाण्यात जाणार नसते. समुद्र बहुतेक वेळा ताटात ठेवल्यासारखा शांत असतो. तरी त्या दोघांना एकेक नारळ मिळतो, टाळ्या पडतात, आणि कमानीवर रंगवलेल्या दोन शूर भावांच्या चित्राखाली भाषणे होतात. या दोन भावांनी एकदा वादळात धावत येऊन बंदराला वाचवले, असे त्या भाषणांत सांगतात.

भाऊ धावत आले होते, एवढे त्यात खरे आहे. बाकीचे बंदरावर मासळी वाळत घालणाऱ्या बाया सांगतात, आणि ते असे.

बंदरवाडीला पश्चिमेचे आभाळ दिसत नाही. मध्ये डोंगर आहेत. वादळ येते ते पश्चिमेकडून, आणि ते डोंगरमाथ्यावर दिसेपर्यंत होडी आत दूर गेलेली असते. खडपेवाडीला उलटे. तिला समुद्र मैलोगणती दिसतो, पण किनारा सगळा खडकांचा, म्हणून तिथे होडी लागत नाही. तिथले लोक पाग टाकून मासे धरतात आणि खडकावरची कालवे काढतात. दोन्ही वाड्या एकाच जातीच्या, एकमेकींत मुली देणाऱ्या. तेव्हा फार पूर्वी असे ठरले म्हणे, की समुद्राची लक्षणे वाईट दिसली तर खडपेवाडीने माणूस धाडायचा, त्याने बंदरावर वर्दी द्यायची आणि बंदरवाडीने होड्या थांबवायच्या. हे काम एका घराला दिले. त्या घराचे नाव वर्दीकर पडले. कोणी थट्टेने किंवा आकसाने खोटी वर्दी देऊ नये म्हणून खूण ठरली, ती घुंगराची काठी. काठी नसेल तर वर्दी नाही.

नियम वाईट नव्हता. तो करणाऱ्यांना तो कशासाठी आहे हे ठाऊक होते. ती माणसे गेली, आणि तो नुसता पाळणारी उरली.

वर्दीकरांच्या घरात पुढे दोन भाऊ झाले, थोरला साबाजी आणि धाकटा भिवा. ते वेगळे निघाले. माड वाटले, विहिरीचे वार वाटले, शेवटी काठीवर अडले. तेव्हा गावकीने तोड काढली. काठी थोरल्याकडे आणि घुंगरू धाकट्याकडे. धावायचा मान एकेका वर्षी एकेकाचा, पाळी मार्गशीर्षात बदलायची, आणि ज्याची पाळी त्याला दुसऱ्याने आपला वाटा द्यायचा. गावकीला ही तोड इतकी आवडली की तिच्यावर जेवण झाले, असे सांगतात. एका काठीचे दोन तुकडे करून त्यावर जेवणारी ती माणसे होती.

आणि मग अधिक महिना आला. वर्ष तेरा महिन्यांचे झाले. पाळी साबाजीची चालू होती.

त्या कार्तिकात एका सकाळी खडपेवाडीच्या बाया कालवे काढायला खडकावर गेल्या, आणि ओहोटी लागलीच नाही. खडक उघडेच पडेनात. वारा मुळीच नव्हता, पण लांबून, संथ, जाड लाटा येत होत्या आणि खडकावर न फुटता नुसत्या चढत होत्या. आभाळाच्या कडेला तांब्याच्या भांड्याला चढतो तसा रंग चढला होता. हे बायांनी पाहिले, पाग घेऊन उभ्या असलेल्या पुरुषांनी पाहिले, पोरांनी पाहिले. न कळणारा एकही माणूस त्या वाडीत नव्हता. अडाण्यांची चूक असती तर माफ करता आली असती. यांना सगळे कळत होते.

दुपारच्या भरतीला बंदरवाडीच्या होड्या सुटायच्या होत्या. तोवर तिन्ही डोंगर ओलांडून जाण्याइतका वेळ होता. गाव देवळासमोर जमला. साबाजी काठी घेऊन आला, भिवा घुंगरू घेऊन आला.

"आण ते घुंगरू," साबाजी म्हणाला. "मी निघतो."

"तू कसा निघतोस? तुझे बारा महिने आश्विनात भरले. कार्तिक माझा."

"पाळी मार्गशीर्षात बदलते. मार्गशीर्ष लागला काय?"

"बारा महिने म्हणजे बारा! अधिक महिना काय तुझ्या बापाने आणून दिला?"

"बाप आपला एकच होता रे भिवा."

लोक हसले म्हणे. समुद्र खडकावर चढत होता आणि लोक हसले.

गावकीतल्या वडीलधाऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. अधिक महिना पाळीत धरायचा की नाही, हे भटजींना विचारायला हवे होते, आणि भटजी पलीकडे मुख्य किनाऱ्यावर राहत. कोणीतरी म्हणाले, दोघे जा. त्यावर भिवाने विचारले, "मग बंदरावरचा नारळ कोणाच्या हातात?" या प्रश्नावर सगळी गावकी गंभीर झाली.

घोळक्याच्या कडेला राही उभी होती. ती बंदरवाडीची लेक, खडपेवाडीत दिलेली. तिच्या माहेरी बाप नव्हता. आई होती येशी, आणि धाकटा भाऊ होता कान्हू. बापाची होडी आता कान्हू घालत असे आणि त्या दुपारी तोही निघणार होता. राहीने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग नवऱ्याच्या, गणूच्या, कानाशी जाऊन म्हणाली, "अवो, कोणाला तरी धाडा. कान्हू जायचा हाय भरतीला."

"मोठी माणसं बोलतायत ना?"

"बोलतायत म्हणून तर सांगते."

गणूने तिच्याकडे पाहिले नाही. तेव्हा ती सरळ पुढे आली आणि साबाजीकडे हात केला. "भावोजी, काठी द्या. मी जाते. मला नारळ नको."

साबाजीने काठी मांडीखाली घेतली. "बाईमाणसाच्या हातात वर्दीची काठी? आणि मग उद्या काय, देवळाची घंटा पण तूच वाजवशील?" पुन्हा हसू. भिवानेही घुंगरू कमरेला खोचले. सकाळपासून एका गोष्टीवर दोघा भावांचे पटले ते एवढ्यावर.

राही रिकाम्या हाताने निघाली.

आज त्या वाटेवर डांबर आहे, वळणावळणावर पाणी घेऊन पोरे उभी असतात. तेव्हा पहिल्या डोंगरावर करवंदीची जाळी होती, दुसऱ्यावर दाट ऐन आणि कुंभा, आणि तिसरा नुसता जांभा दगड, उन्हात तापलेला. तिने लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि ती धावली. कुठे पडली, कुठे बसली, हे बाया सांगत नाहीत. तेवढ्या वर्णनाची गरज पुरुषांच्या गोष्टींना लागते. तिसऱ्या डोंगराच्या माथ्यावर तिने मागे वळून पाहिले, आणि मग उतारावर ती थांबली नाही, एवढेच सांगतात.

ती बंदरावर पोहोचली तेव्हा होड्यांखाली ओंडके सरकवून झाले होते. पाणी चढत होते. कान्हू आपल्या होडीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, उभा होता. बंदराचा कारभार धर्माजी नाखवाकडे होता. तो वाळूत हातपाय पसरून बसला होता.

"होड्या घालू नका!" राही ओरडली. "वारा येतोय! ओहोटी लागली नाय तिकडं!"

धर्माजीने मान वळवली. "वर्दी देतेस गो? काठी कुठाय?"

"काठीवर भांडण लागलंय. कोणी धावायचं ते ठरत नाय त्यांचं."

"मग ठरू दे. काठी येऊ दे. भरती काय भांडणासाठी थांबायची नाय."

सगळ्यांनी वर पाहिले. वर आभाळ निळे होते. डोंगर नेहमीसारखे उभे होते. मागून कोणी म्हणाले, "नवऱ्याशी वाजलं असंल. सासरहून पळालेली पोर आणि काय सांगणार?" त्यावर हशा झाला, आणि कान्हूची मान खाली गेली. तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "घरी जा गो ताई. लाज काढू नको. परत आल्यावर मीच तुला पोचवतो सासरी."

"तू परत येत नाहीस, कान्ह्या."

"शुभ बोल."

ओंडक्यावर पहिली होडी हलली.

तेव्हा राहीने आईकडे पाहिले. येशी पाट्या घेऊन बाकीच्या बायांत उभी होती. दोघींनी एकमेकींकडे किती वेळ पाहिले कोण जाणे. मग राही कान्हूच्या होडीपाशी गेली, नाळेवर तिने आपला उजवा तळवा टेकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मी विटाळशी आहे."

बंदर जागच्या जागी थिजले. विटाळशीने शिवलेली होडी त्या दिवशी पाण्यात जात नाही. ती दुसऱ्या सकाळी शुद्ध करून मगच घालायची. राहीने हात उचलला आणि पुढच्या होडीवर ठेवला. "मी विटाळशी आहे." मग पुढच्या. मग मात्र पळापळ झाली. वादळ येतेय म्हणून सांगितल्यावर ज्यांनी बूड हलवले नव्हते ते पुरुष आता हात पसरून आपापल्या होडीपुढे आडवे झाले. "शिवू नको गो! शिवू नको!" पण तिला धरायचे कसे? धरले तर धरणारा बाटतो. ती त्यांच्या हाताखालून वाकून जात होती, नाळ नाही सापडली तर सुकाणूला हात लावत होती, आणि ते मागे सरत होते. शेवटची होडी गुडघाभर पाण्यात गेली होती. राही पाण्यात शिरली आणि तिने तिलाही हात लावला.

समुद्राला न भिणारी म्हणून आमच्या लोकांची ख्याती आहे. एका दमलेल्या पोरीच्या तळव्यापासून ते सगळे पळत होते.

आता ऐका, येशीला काय ठाऊक होते. राही विटाळशी नव्हती. तिला तिसरा महिना होता. दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिने आईला सांगितले होते. पाचवा लागेपर्यंत हे कोणाला बोलायचे नसते, म्हणून येशीनेही ते पोटात ठेवले होते. आता ती एक वाक्य बोलली असती तर पोरीवरचा आळ गेला असता, आणि होड्या सुटल्या असत्या. पोरगा त्यांत होता. येशीने पदराचे टोक दातांत धरले आणि ती काही बोलली नाही.

बाटलेल्या पोरीला घरात घेता येईना. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावर विटाळाची खोप होती, बाया तिथे जाऊन बसत. धर्माजी म्हणाला, हिला तिकडे बसवा, सकाळी हिच्या सासरच्यांना बोलावू, मग बघू. नेणार कोण? तिचा भाऊ. कान्हूने वल्हे घेतले आणि सख्ख्या बहिणीला त्याच्या टोकाने ढकलत, तिला बोटही न लागेल असे सांभाळत, तो तिला खोपीकडे घेऊन गेला. वाटेत ती म्हणाली म्हणे, "ढकल, ढकल. पण आज घरी राहा."

दिवस मावळायच्या आधीच वारा डोंगर चढून आला. माड मुळापासून वळले. बंदरावरच्या सगळ्यांनी मिळून होड्या वर ओढल्या, माडांना बांधल्या, आणि त्या टिकल्या. ज्यांनी त्या शिवल्या म्हणून शिव्या दिल्या होत्या त्यांनीच. त्या गडबडीत खोपीची आठवण एकटीला होती. येशी भाताचे मडके घेऊन खाडीकडे धावली. पण मधली खाडी आता खाडी राहिली नव्हती, समुद्र आत आला होता. ती काठावर उभी राहून ओरडत सुटली, "ती विटाळशी नाय! तिला तिसरा हाय! आणा तिला!" कान्हूने ते ऐकले. तो कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला, लोकांनी त्याला अर्धमेला परत ओढला, तो पुन्हा उतरला. दुसऱ्यांदाही ओढून काढला. मग पलीकडे काही दिसेनासेच झाले.

सकाळी वाळूचा पट्टाच जाग्यावर नव्हता. खोप कुठे होती हे बोट दाखवून सांगता येईना.

आणि त्या दिवशी दुपारी, उन्मळलेली झाडे ओलांडत, तिसऱ्या डोंगरावरून दोन माणसे धावत आली. साबाजीच्या हातात काठी, भिवाच्या हातात घुंगरू. खडपेवाडीच्या गावकीचा निर्णय झाला होता. अधिक महिना दोघांत अर्धा अर्धा, धाव दोघांची, नारळ दोन. आपापला वाटा दुसऱ्याला द्यायला मात्र कोणीच राजी झाले नव्हते. ते बंदरावर आले, समोर मोडलेले माड, उडालेली छपरे आणि रडणारी माणसे पाहिली, आणि तरीही दोघांनी छाती भरून वर्दी दिली. "होड्या घालू नका हो! वारा येतोय!"

धर्माजीने त्यांना नारळ दिले. वर्दी आली की नारळ द्यायचा, असा रिवाज.

तेव्हा येशी सगळ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि तिने सांगितले. पोर खोटे बोलली होती, का बोलली होती, आणि आपण गप्प का राहिलो. सगळे सांगितले. बंदर ऐकत होते. धर्माजीने बराच विचार केला, असे सांगतात, आणि मग तो म्हणाला,

"म्हणजे होड्या बाटल्याच नव्हत्या. मग शुद्धी करायला नको."

कान्हूने ते वल्हे पुन्हा कधी हातात धरले नाही. त्याने त्या क्षणी गावाला जाब विचारला असता, तर आज त्याचे नाव मान वर करून घेता आले असते. त्याने विचारला नाही. तोही आमच्यातलाच.

पुढच्या वर्षी कार्तिकातली तीच तिथी आली. हवा उत्तम होती, होड्या सुटायला निघाल्या होत्या. येशी घरातून उठून आली, मुलाच्या होडीच्या नाळेवर तिने तळवा टेकवला आणि म्हणाली, "मी विटाळशी आहे."

डोक्याचे केस पांढरे, नातवंडांना खेळवायचे वय. लोक फसकन हसले. धर्माजी म्हणाला, "म्हातारे, तुझं कधीचं सरलं की गो!"

"आज आहे," येशी म्हणाली, आणि पुढच्या होडीकडे गेली.

तिच्यामागून तिची शेजारीण गेली. मग एक विधवा. मग एक पोर, जिला अजून न्हाण आलेले नव्हते. मग बंदरावरच्या सगळ्या. खरे कोण, खोटे कोण, हे पुरुषांनी ओळखायचे कसे? विचारायचे कोणी? त्या दिवशी एकही होडी पाण्यात गेली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

आता पंचाईत झाली ती पुरुषांची. दरवर्षी एक दिवस होड्या का थांबतात, असे बाहेरचा कोणी विचारेल, तर काय सांगायचे? बायांनी थांबवल्या, असे जिभेवर येईना. तेव्हा दोन्ही वाड्यांच्या गावक्या बसल्या, आणि यावेळी त्यांचे चटकन एकमत झाले. त्या दिवशी खडपेवाडीहून वर्दीकर धावत यायचे, काठी एकाकडे, घुंगरू दुसऱ्याकडे, वर्दी द्यायची, आणि वर्दीने होड्या थांबल्या असे म्हणायचे. बरोबर गावची पोरे धावू लागली. पुढे लाँच आली, डांबर आले, कमान आली, नंबर आले, तुम्ही आलात. आपल्या नामुष्कीची पुरस्कार देऊन शर्यत करणारे दुसरे गाव असेल तर मला दाखवा.

आजही दौडीच्या दिवशी उजाडताना, तुमची पहिली लाँच यायच्या आत, बंदरवाडीच्या बाया वाळूत उतरतात. कॉलेजात जाणाऱ्या पोरी असतात, पोट पुढे आलेल्या सुना असतात, काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्या असतात. प्रत्येक होडीच्या नाळेवर प्रत्येकीचा तळवा पडतो आणि प्रत्येकजणी ते एकच वाक्य म्हणते. समितीने त्यांना सांगून ठेवले आहे की नऊच्या आत आटपा, नंतर पाहुणे असतात, फोटो निघतात. बाया आटपतात. मग दौड होते, वर्दी होते, नारळ होतात, भाषणांत स्त्रीशक्ती हा शब्द दोनदा येतो. आणि तुमची शेवटची लाँच धक्क्यावरून सुटली की एकेक होडीवाला येतो, आजूबाजूला पाहतो, आणि कमंडलूतले गोमूत्र घाईघाईने नाळेवर शिंपडतो.